बाटली उचलली जाते, कप पडून राहतो

मराठी गटांमध्ये दर दोन-चार महिन्यांनी एक फोटो फिरतो. वर युरोपातला धुतल्यासारखा रस्ता, खाली आपल्याकडच्या नाक्यावरचा उकिरडा. मग एक बाजू म्हणते, आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. दुसरी म्हणते, महापालिका झोपली आहे, आम्ही कर कशाला भरतो? जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये बसून हा वाद वाचताना वाटतं, दोन्ही बाजूंनी उन्हाळ्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी, सफाईची गाडी यायच्या आधी, इथल्या बागेत चक्कर मारावी.

कचराकुंडीच्या तोंडात पिझ्झाचा खोका आडवा अडकलेला असतो. त्यामुळे कुंडी आतून अर्धी रिकामी आणि भोवती कॉफीचे कप, लाकडी चमचे, चिकट कागद. गवतात सिगारेटची थोटकं, मोजायला बसलात तर दुपार होईल. प्लास्टिकची बाटली किंवा बिअरचा कॅन मात्र क्वचितच सापडतो. माणसं तीच, बाग तीच, रविवारची संध्याकाळही तीच. बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, कपाचे काही मिळत नाही, एवढाच काय तो फरक. शिस्त रक्तात असती तर कपही उचलला गेला असता.

हे २५ सेंट बाटली विकत घेतानाच अनामत म्हणून भरलेले असतात. ही पद्धत १ जानेवारी २००३ पासून आहे. सुरुवातीला फळांचे रस, दुधाची पेयं असं बरंच काही वगळलेलं होतं. २०२२ पासून एकदाच वापरायच्या जवळपास सगळ्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन त्यात आले, २०२४ पासून दुधाची पेयंही. सुपरमार्केटमध्ये एक यंत्र असतं. त्यात बाटली सरकवली की ते ती गोल फिरवून बारकोड वाचतं, गिळतं आणि शेवटी पावती देतं. ती गल्ल्यावर वटते. चुरगळलेली किंवा लेबल फाटलेली बाटली यंत्र परत ढकलतं, म्हणून पाणी पिऊन झाल्यावर बाटली चेपायची सवय इथे मोडावी लागते. कुंडीला टेकवून रिकामी बाटली नीट उभी केलेली दिसली, तर तो कचरा नव्हे. बाटल्या गोळा करणाऱ्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून कुणीतरी ती बाहेर ठेवलेली असते. हे गोळा करणारे पुष्कळदा तुटपुंज्या पेन्शनवरचे म्हातारे असतात. चकचकीत रस्त्याच्या फोटोत ते येत नाहीत.

कपांचा प्रश्न शेजारच्या ट्युबिंगन शहराने अंगावर घेतला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे वापरून फेकायच्या कपावर आणि डब्यावर ५० सेंट, काट्या-चमच्यांवर २० सेंट कर आहे, आणि तो विकणाऱ्याकडून घेतला जातो. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने कर वैध ठरवल्याचं जाहीर केलं. म्हणजे ‘शिस्तप्रिय’ म्हणून ज्यांचे फोटो आपण फिरवतो, त्यांनाही कप आवरायला खिशालाच हात घालावा लागला.

महाराष्ट्राला हे सुचलंच नव्हतं असं नाही. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतला दंड सगळ्यांच्या लक्षात आहे: पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पाण्याच्या बाटल्यांवर परत घेण्याची किंमत छापायची, ही अट त्याच अधिसूचनेत होती. ती किती जणांना आठवते? भाजीवालीला दंड दिसला, परतावा कुणालाच दिसला नाही. आणि एका पिशवीसाठी ५,००० हा आकडा इतका मोठा आहे, की लावणाऱ्याचाही हात अडखळतो. मग दंड एक तर लागत नाही, नाहीतर ‘मिटतो’.

‘हे असलं आपल्याकडे चालणार नाही’ म्हणणाऱ्यांनी निलगिरीकडे पाहावं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन बाटली परत आणली की ते परत द्यायला सुरुवात केली. जंगलात आणि रस्त्याकडेला फुटणाऱ्या बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या, आणि योजना पुढे इतर भागांतही नेली गेली. १० रुपयांसाठी वाकणारा माणूस तमिळनाडूत असेल तर तो सातारा-सांगलीतही आहे.

इथली दुसरी गोष्ट पैशाची नाही, पाळीची आहे. या श्वाबेन भागात ‘केअरवोख’ नावाची प्रथा आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्या बिऱ्हाडाची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते. ‘छोट्या’ आठवड्यात आपल्या मजल्यासमोरची जागा आणि जिना, ‘मोठ्या’त तळघराची वाट, अंगण आणि इमारतीसमोरचा पदपथ. काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. लोक या प्रथेची टिंगल करतात, शेजाऱ्यांची भांडणंही होतात आणि बऱ्याच इमारती आता पैसे देऊन माणूस बोलावतात. पण पाटीवरून कळतं की या आठवड्यात हा पदपथ नेमका कुणाचा. आपल्याकडे पदपथ ‘सगळ्यांचा’ असतो. आणखीही एक आहे, जे फोटोंच्या वादात कुणी बोलत नाही. पाटी प्राध्यापकाच्या दारालाही लटकते. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलं. गाडगेबाबांनी आधी गाव झाडलं आणि मग कीर्तन केलं, त्यातलं कीर्तन आपण ठेवलं.

आता स्वच्छता मोहिमा. त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून लोक आठवड्यामागून आठवडे कचरा उपसत राहिले आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. मात्र वर्षातून एकदा २ ऑक्टोबरला टोप्या घालून केलेली मोहीम वाया जाते, आणि ती बहुधा एकाच ठिकाणी फसते: भरलेली पोती. कुणाला द्यायची हे ठरलेलं नसतं. ती कोपऱ्यात रचली जातात, रात्री कुत्री फाडतात, सकाळी गाई, आणि दुसऱ्या दिवशी तोच कचरा दुप्पट जागेत पसरलेला असतो.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करावी. आधी प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला भेटून घंटागाडीची वेळ विचारावी आणि मोहीम त्या वेळेच्या अर्धा तास आधी संपेल अशी आखावी. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या, इतरत्र जे कुणी काम करत असतील त्या कचरावेचक ताईंना आधी विचारावं की त्या काय नेतील. उत्तर ठरलेलं असतं: बाटल्या, पुठ्ठा, पत्रा नेऊ, वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या नेणार नाही. हा आळस नव्हे, हिशोब आहे. लिटरच्या साधारण ४० ते ५० बाटल्यांत किलोभर प्लास्टिक भरतं आणि त्याला भंगारवाला पैसे देतो. पुड्या किलोभर व्हायला हजाराच्या घरात वेचाव्या लागतात, आणि प्लास्टिकला चांदीसारखा थर चिकटवलेला असल्याने त्यांना भाव नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी पायाखाली येतेच. ती आपल्यालाच वेगळी बांधून गाडीत द्यावी लागते.

जागा छोटी घ्यावी. १०० मीटरचा एकच पट्टा, दर आठवड्याला तोच, सहा-आठ माणसं, एक तास. समुद्रकिनाऱ्यांवरचा कचरा मोजणारे युरोपातले अभ्यासकही १०० मीटरच घेतात, कारण मग या वेळच्या मोजणीची मागच्या मोजणीशी तुलना करता येते. दोघांत एक लांब चिमटा, साधारण ८० ते ९० सेंटिमीटरचा. यापेक्षा आखूड घेतलात तर तासाभरात कंबर बोलू लागते. हातमोजे तळव्याला रबराचा लेप असलेले. दवाखान्यातले पातळ मोजे काचेने फाटतात. आणि तेच मोजे रोज झाडणाऱ्या कामगाराच्या हातात नसतील, तर पहिली मागणी त्याची करा, फोटो नंतर. पिशवीपेक्षा बादली बरी, वाऱ्याने तिचं तोंड मिटत नाही. बादल्या चार: विकली जाणारी सुकी वस्तू, न विकली जाणारी पाकिटं, काच, आणि उरलेलं. जागेवरच वेगळं केलं तर पाच मिनिटांचं काम असतं. सगळं एका पोत्यात भरून नंतर निवडायचं ठरवलं तर ते कधीच निवडलं जात नाही. पोतं दोन-तृतीयांश भरलं की बांधावं. माती झटकली नाही तर ते कुणालाच उचलवत नाही.

सुई दिसली तर हात लावू नये, टोपण बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. जाड प्लास्टिकची बरणी जमिनीवर ठेवायची, दुसऱ्या हातात धरायची नाही; चिमट्याने सुई मधोमध उचलून टोक खाली करून आत सोडायची, झाकण घट्ट लावायचं आणि वर लाल खूण करून वेगळी द्यायची. वाळलेली पानं पोत्यात भरू नयेत, जाळू तर नयेच. ती झाडाखालीच ओढून ठेवावीत. उत्साहाच्या भरात लोक पानांची दहा पोती भरतात, फोटो भारी येतो, आणि पुड्या गवतात तशाच.

नाक्यावरचा जो ढीग काही केल्या हटत नाही, ज्याला महापालिकेच्या भाषेत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, तिथे रांगोळी काढणं आणि फुलझाडांच्या कुंड्या मांडणं हा उपाय आता सगळ्यांनी करून पाहिला आहे. चार दिवसांत कुंडीतच पिशव्या पडतात. तिथे एक दिवस उजाडायच्या आधीपासून, एक दिवस रात्री दहानंतर कुणीतरी उभं राहून फक्त पाहावं. टाकणारे शेकड्यांनी नसतात, बहुधा दहा-पंधराच असतात: घंटागाडी येण्याआधी कामाला निघणारी माणसं, आणि गाडी परत गेल्यावर शटर ओढणारे टपरीवाले. त्यांच्या वेळेला गाडीच नाही. पहिल्यांना सोसायटीच्या रखवालदाराकडे ठेवायला झाकणाचा डबा हवा, दुसऱ्यांना रात्रीची एक फेरी. फेरी सुरू होण्याआधी तिथे दंडाची पाटी लावली तर पिशवी पन्नास पावलं पुढे सरकते.

वर्षातल्या तासांपैकी सगळ्यात मोलाचा तास मे महिन्यात असतो, पावसाळी गटारांच्या जाळ्यांपाशी. पहिला मोठा पाऊस रस्त्यावरच्या सगळ्या पुड्या त्या जाळीवर आणून चिकटवतो, पाणी साचतं आणि मग लोक रात्री भिजत हाताने जाळी मोकळी करतात. ते टाळावं. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोच्या तापाची भीती. जाळी कोरडी असतानाच तिच्याभोवती तीन-चार पावलांचा पट्टा चिमट्याने आणि खराट्याने साफ करावा, गाळ तिथेच काठावर न ठेवता उचलून न्यावा, आणि जून लागल्यावर दर मोठ्या सरीनंतर, पाणी ओसरलं की, पुन्हा एकदा. कोणती जाळी कुणाची हे नाव घालून लिहावं. जिन्यातल्या फळ्यावर चालेल, दाराच्या मुठीला पाटी लटकवायला तर कुणाचीच हरकत नसावी.