वाडा कुणाच्या नावावर

वाईच्या आमच्या वाड्याचा वाद पुन्हा पेटला आहे. गावातली काही मंडळी म्हणतात, वाडा एखाद्या न्यासाकडे द्या, नाहीतर पुढच्या पावसात दर्शनी भिंत जाईल. काकांचं एकच पालुपद: ‘घराण्याबाहेर गेला की वाड्याचा इतिहास संपला.’ हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहते. इथून पश्चिमेला क्रेगीव्हार आहे, गुलाबी गिलाव्याचा उंच मनोऱ्यासारखा वाडा. खालून अगदी साधा, वर मात्र छोट्या बुरुजांची आणि निमुळत्या छपरांची गर्दी. तो बांधायला घेतलेल्या मॉर्टिमर घराण्याचा पैसा संपला आणि बांधकाम अडलं. १६१० मध्ये ते विल्यम फोर्ब्सने विकत घेतलं, १६२६ मध्ये पुरं केलं. हा व्यापारी. बाल्टिक समुद्राकडच्या व्यापारात कमावलेला, म्हणून लोक त्याला तिथल्या डॅन्झिग बंदराच्या नावावरून ‘डॅन्झिग विली’ म्हणत. दिवाणखान्यात शेकोटीवर त्याने राजघराण्याचं चिन्ह कोरून घेतलं. आज जी फोर्ब्सांची शान म्हणून दाखवतात, ती खरेदीखतावर उभी आहे. काका, आपल्या पूर्वजांनी तरी वाडा आभाळातून आणला होता का?

साडेतीनशे वर्षं वंशजांनी सांभाळून १९६३ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या न्यासाकडे गेला. १९६५ मध्ये फोर्ब्सांचे वंशज लॉर्ड सेंपिल वारले आणि घराण्याच्या बॅरोनेट या वंशपरंपरागत किताबावरून भाऊबंदकी पेटली. त्यांचे धाकटे भाऊ इवन फोर्ब्स डॉक्टर होते. जन्मनोंद मुलगी म्हणून झालेली, ती त्यांनी १९५२ मध्ये दुरुस्त करून घेतली होती. किताब पुरुष वारसालाच मिळत असल्याने चुलतभावाने हरकत घेतली. १९६८ मध्ये निकाल इवन यांच्या बाजूने लागला. इतकं होऊनही क्रेगीव्हारचा एक चिरा हलला नाही, कारण तोवर तो कुणा भावाच्या ताब्यातच नव्हता. लॉर्ड सेंपिल यांनी जपानला लष्करी गुपितं पुरवली होती, हेही आता उघड आहे. वाड्याची पत त्यानेही गेली नाही.

काका म्हणतील, परदेशात बसून शहाणपण शिकवतेस. पण मिळकत पत्रिकेवर बाबांच्या मागे माझंही नाव लागलं आहे. परत येऊन तिथे राहीन असं आता वाटत नाही, आणि हे लिहिताना घसा दाटतो. क्रेगीव्हारच्या वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे नाहीत. खिडकीतल्या उजेडात मी त्या खोल्यांतून फिरते आणि ट्रस्टची नुसती वर्गणी भरणारी सभासद असूनही मला परकं वाटत नाही. वाईला मी नावाची मालकीण, आणि माजघराची तुळई सडते आहे.

माझी सही तयार आहे. काकांची हवी आहे.