वीस गुणांचं इंग्रजी

एक्सप्रेस एंट्रीने, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या सरकारी योजनेतून, कॅनडात आलेल्या कुणालाही विचारा, गुणांचं कोष्टक तोंडपाठ असतं. जोडप्याने अर्ज केला तर मुख्य अर्जदाराच्या इंग्रजीला जास्तीत जास्त १२८ गुण, जोडीदाराच्या इंग्रजीला २०. मग घरात काय ठरतं ते सांगायला नको. क्लासची फी, रविवारची शांतता, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची दुसरी फेरी, सगळं १२८ वाल्याच्या वाट्याला. लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ आले, कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर सीएलबी ९ झाला, की पेढे. २० वालीचं काय? "तिकडे गेल्यावर बघू."

कधी उलटंही असतं, बायको नर्स आणि नवरा मागून आलेला. पण टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत मागे राहिलेली बहुतेक वेळा बाईच. आणि ती काही अडाणी नसते हो! सहकारी बँकेत काउंटर सांभाळलेली, टॅली कोळून प्यायलेली, शाळेत गणित शिकवलेली. इंग्रजी वाचतेही चांगलं. फक्त फोन वाजला की नवऱ्याच्या हातात देते.

अशा बाईला लिंकच्या, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या इंग्रजीच्या, वर्गाचं नाव सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अगं, तिथे एबीसीडी शिकवतात ना?" पहिल्या पातळीला शिकवतातही, कारण कधीच शाळेत न गेलेली माणसंही तिथे येतात. पण आधी चाचणी होते आणि तिच्यावरून तुमची पातळी ठरते. केंद्र सरकारच्या पैशाने १९९२ पासून चाललेली ही योजना, पीआर (कायम राहण्याचा परवाना) असलेल्या प्रौढांना फुकट. बऱ्याच ठिकाणी लहान मुलं सांभाळायची सोय असते, काही ठिकाणी संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्गही. व्याकरणापेक्षा रोजची कामं जास्त: हीटर बंद पडल्याची घरमालकाला ईमेल, दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट बदलणं, कामावर कुणाला लागलं तर त्याचा अहवाल लिहिणं.

त्याऐवजी होतं काय, तर नोकरी लावणाऱ्या एजन्सीमार्फत थेट वेअरहाउस. भाडं आ वासून उभं असतं, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. पण ब्रॅम्प्टनच्या वेअरहाउसमध्ये हिंदीवर भागतं, हळूहळू पंजाबीही कळायला लागतं, आणि इंग्रजी होतं तिथेच राहतं. खरं तर गरज तिथेच जास्त. आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या कायद्याने कामगाराला धोकादायक काम नाकारायचा हक्क आहे. पण हे काम मी का करणार नाही, हे सुपरवायझरच्या तोंडावर बोलता तर आलं पाहिजे!

मी एका लायब्ररीत मुलाखतींचा सराव घ्यायला जाते. तिथे आपल्या बायकांचं एक हमखास होतं. "कामातला एखादा अडचणीचा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?" असं विचारलं की साहेबांनी काय सांगितलं आणि सगळ्यांनी मिळून ते कसं निभावलं याची गोष्ट सुरू होते. खोदून खोदून विचारल्यावर कळतं की मार्चएंडला न जुळणारा हिशोब हिनेच रात्री बसून जुळवला होता. आपली टिमकी आपण वाजवू नये, हे अंगात मुरलेलं. पण समोरचा माणूस नम्रतेला गुण देत नाही. प्रसंग काय होता, जबाबदारी कुणाची होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, एवढंच तो लिहून घेतो. हे आयईएलटीएसच्या कुठल्याच बँडमध्ये येत नाही, त्यामुळे सीएलबी ९ वाले नवरोबाही इथे गडबडतात. (त्यांच्या रेझ्युमेवरचा फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव काढायला लावणं हा माझा वेगळा छंद आहे.)

"कॅनेडियन अनुभव मागतात" ही तक्रार खरीच होती. आता १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारियोत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. चांगलं झालं. अट गेली तरी मुलाखत राहिलीच.

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते हे: लिंक नागरिकांसाठी नाही. पाच वर्षांत कॅनडात राहण्याचे १,०९५ दिवस भरले की आपण सिटिझनशिपचा अर्ज टाकायला धावतो. त्यासाठी ऐकण्या-बोलण्यात सीएलबी ४ पुरतो, त्यामुळे बायकोचंही सहज जमतं, आणि शपथ घेतली की लिंकचं दार बंद. शाळा मंडळांचे ईएसएल, म्हणजे इंग्रजी शिकवणारे, वर्ग उरतात, ते नागरिकांनाही चालतात, पण पहिली काही वर्षं हातातून गेलेली असतात. मला हा नियमच मूर्खपणाचा वाटतो. पासपोर्ट बदलला म्हणून मुलाखतीत बोलायला कुणी आपोआप शिकत नाही.

पण नियम आहे तो आहे. ज्यांच्या घरी पीआर कार्ड अजून नवं आहे त्यांनी याच महिन्यात तिच्या चाचणीची वेळ घ्या. दोघांपैकी एकाची शिफ्ट कमी करायची असेल तर तिची करा. आणि संध्याकाळी ती वर्गाला गेली तर पोळ्यांचं काय, हे विचारायला कृपा करून मला मेसेज करू नका.