शेवंड, लिंबू आणि सोमल: त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी माझ्या आत्याने लिंबू-हळद लावून ठेवलेल्या तीन शेवंडी (लॉबस्टर) कचऱ्याच्या डब्यात ओतल्या. भाऊ वेरावळला कामासाठी गेला होता. तिथून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून त्याने त्या रात्रभराच्या प्रवासात जपून बडोद्याला आणल्या, कारण आत्याला पंच्याहत्तरावं लागलं होतं आणि शेवंडीचं भुजणं खाऊन तिला दोन वर्षं झाली होती. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ते पिवळसर पांढरं मांस चहाच्या चोथ्यावर पडलं होतं आणि आत्या साबणाने कोपरापर्यंत हात घासत होती. "अगं, सगळ्यांना विषबाधा झाली असती. हे वाच," म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या तर नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: शेवंड किंवा कोळंबीला लिंबू लावलं की त्यातल्या आर्सेनिकचा सोमल, म्हणजे जहाल विष होतं, एका बाईचा नाकाकानातून रक्त येऊन रात्रीत मृत्यू झाला. मेलेली शेवंड स्वस्त मिळते ती बिनधास्त घ्या, हळद-मीठ लावलं की जंतू मरतात. कवच लाल झालं की शिजली, गॅस बंद करा. डोक्यातला हिरवट गर यकृताचं टॉनिक आहे, मुलांना द्या. अंडी भरलेली मादी सर्वांत पौष्टिक. वर दूध प्यायलात तर कोड फुटेल. उकळत्या पाण्यात टाकल्यावर शेवंड किंचाळते. आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मुंबईत अशी शंका आली तर माणूस कोळणीला विचारतो. बडोद्यात आम्ही सोसायटीत खिडक्या लावून मासे शिजवणारे, वर्षातून एकदा-दोनदा शेवंड आणणारे. विचारायचं कुणाला? म्हणून असा मेसेज थेट ओट्यापर्यंत पोचतो आणि म्हणूनच मी एवढं लिहायला बसले आहे.

आधी लिंबू. समुद्रातल्या जिवांमध्ये आर्सेनिक असतं, हे खरं आहे. मान्य करायला जिवावर येतं, कारण एवढ्याशा खऱ्यावर पुढचा सगळा डोलारा उभा केलाय. पण ते कोणत्या रूपात असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने बघितलेलंच नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियात एडमंड्स, फ्रान्सेस्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ वेगळा काढून त्याच्या स्फटिकांवरून रचना निश्चित केली आणि 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापली. त्याचं नाव आर्सेनोबीटेन. आणि त्यांनी तो काढला कशातून? शेवंडीतूनच. पश्चिम ऑस्ट्रेलियाची, आपल्या शेवंडीच्याच पॅन्युलिरस कुळातली, नांग्या नसलेली, लांब काटेरी मिशांची शेवंड. म्हणजे ज्या प्राण्याच्या नावाने ही भीती पसरवली जातेय, त्याच प्राण्यात त्या भीतीचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी सापडलेलं आहे.

आर्सेनोबीटेनमध्ये आर्सेनिक कार्बनला घट्ट बांधलेलं असतं. शरीर ते वापरत नाही, मोडत नाही. काही दिवसांत ते लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. सोमल ही वेगळी वस्तू, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ज्याचा तसला विषारी प्रकार होऊ शकतो ते असेंद्रिय, म्हणजे कार्बनला न बांधलेलं, आर्सेनिक शेवंडीत अगदी किंचित असतं. तरी सढळ हाताने किलोला अर्धा मिलिग्रॅम धरू. जिवावर बेतायला साधारण १०० मिलिग्रॅम सोमल लागतो. म्हणजे एका बैठकीत २०० किलो शेवंड खावी लागेल. आणि अर्ध्या लिंबात क जीवनसत्त्व असतं किती? जेमतेम ८-१० मिलिग्रॅम. एका आवळ्यात त्याच्या कितीतरी पट असतं. कोळंबीवर लिंबू पिळून जेवणारी सगळी किनारपट्टी पिढ्यान्पिढ्या नांदतेय, हे तरी आत्याला सुचायला हवं होतं. पण भीतीने माणसाचं डोकं चालत नाही आणि मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आता तो मुद्दा, ज्याचा मला खरा राग आहे. लिंबाची भीती घालणारा हाच मेसेज मेलेली शेवंड बिनधास्त घ्या म्हणतो. लिंबाने फार तर एक जेवण वाया गेलं. याने माणूस दवाखान्यात जाईल.

शेवंडीच्या डोक्यात, म्हणजे छातीच्या कवचाखाली, तिची पचनग्रंथी असते. प्राणी मेला की त्या ग्रंथीतले पाचकरस तिचंच मांस विरघळवायला लागतात आणि जंतू वाढतात ते वेगळेच. बर्फात हे फार सावकाश होतं, उन्हात काही तासांत. हळद-मीठ वरून लागतं, कवचाच्या आत पोचत नाही. शिवाय जंतूंनी तयार केलेली काही विषं उकळूनही जात नाहीत.

मेसेज वाचून माझ्या भाच्याने बुधवारी एका गाडीवरून दोन शेवंडी निम्म्या भावात आणल्या. पिशवी उघडली तेव्हाच अमोनियाचा, मुतारीसारखा वास नाकात गेला. एक उचलली तर शेपूट ओल्या फडक्यासारखी लोंबली. डोकं आणि शेपूट यांच्यामधली त्वचा ताणून फाटायला आलेली, सांध्यांवर काळं. बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं नाही. त्याला म्हटलं, बाळा, पैसे गेले ते गेले, ही शिजवायची नाही. तो म्हणाला, "पण हळद लावली की..." हा शब्द त्याच्या तोंडी कुठून आला, ते मला माहीत होतं.

बडोद्यात जिवंत शेवंड क्वचित मिळते, म्हणून जिवंतच घ्या असा हट्ट मी धरणार नाही. मरताक्षणी बर्फात गेलेली किंवा पकडल्यावर लगेच गोठवलेली शेवंड उत्तम असते. विकणाऱ्याला विचारायचं ते एवढंच: बर्फात कधीपासून आहे? आणि उचलून बघायचं. शेपूट लोंबता कामा नये, दाबलेलं मांस परत वर आलं पाहिजे. वास समुद्राचा यावा. आपल्या गुजरातच्या बाजूने येते ती बहुधा हिरवट करड्या रंगाची, शेपटीवर आडवे पांढरे पट्टे असलेली. ते पट्टे स्वच्छ दिसले पाहिजेत. गोठवलेली असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, ओट्यावर नाही.

हिरवट गराचं टॉनिक. तीच ती पचनग्रंथी, आपलं यकृत करतं ते काम करणारी. पाण्यातली विषं आणि कॅडमियमसारखे धातू तिथे साठतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) जुलै २००८ मध्ये अटलांटिक शेवंडीचा हा गर खाऊ नका असा स्पष्ट इशारा दिला होता, कारण त्यात लकवा आणणारं विष सापडलं होतं आणि शिजवून ते जात नाही; मांस मात्र ठीक होतं. ती जात वेगळी, मोठ्या नांग्यांची, हे कबूल. पण ग्रंथी तीच आणि काम तेच. डोकं चोखून खाण्यात मजा आहे, मीही ते सारात घालते, पण गर काढून, धुऊन. मुलांना चमच्याने औषध म्हणून भरवायची ती वस्तू नव्हे.

लाल झाली म्हणजे शिजली, हे तर साफ खोटं. कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य आधीपासूनच असतं, एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं. आच लागली की प्रथिन उलगडतं आणि लाल रंग मोकळा होतो. याला मिनिट-दोन मिनिटं पुरतात आणि तेव्हा आतलं मांस कच्चंच असतं. साधारण साडेचारशे ग्रॅमची अख्खी शेवंड उकळत्या मिठाच्या पाण्यात आठ-नऊ मिनिटं ठेवा. कवचासकट तुकडे करून भुजणं केलं, म्हणजे लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, कांदा, तेल सगळं एकत्र कालवून झाकण घातलं, तर वाफ धरल्यावर सहा-सात मिनिटं. शेपटीचा सर्वांत जाड तुकडा मोडून बघा. काचेसारखं दिसणारं मांस आतपर्यंत पांढरं झालं पाहिजे. त्याच्या पुढे शिजवलं तर रबर होतं.

शेपटीतला काळा दोरा, म्हणजे तिचं आतडं, काढायला सुरीने पाठ फाडायची गरज नाही. तिचीच एक मिशी मोडायची, जाड टोक शेपटीच्या खालच्या भोकातून आत सारायचं, पिळून ओढायचं. मिशीवरचे काटे दोऱ्यात अडकतात आणि तो अख्खा बाहेर येतो. भाऊ वेरावळहून हे शिकून आलाय.

अंडी भरलेली मादी घेऊ नका. पौष्टिकतेचा प्रश्नच नाही. पोटाखालचा तो नारिंगी झुबका म्हणजे लाखांच्या घरातली पुढची पिढी. मुंबईच्या किनाऱ्यावरची चपटी शेवंड अशीच बेसुमार मासेमारीने १९९० च्या दशकात जवळपास संपली. निर्यातीसाठी सरकारने २००३ मध्ये कमीत कमी वजनं ठरवली, आपल्या पट्टेवाल्या शेवंडीला ३०० ग्रॅम. घरासाठी घेतानाही तेवढं पाळायला काय हरकत आहे?

दूध आणि कोड यांचा संबंध नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे होतो. ज्यांना कोळंबीने अंगावर गांधी येतात किंवा घसा आवळतो त्यांनी मात्र शेवंडीला हातही लावू नये. ती अ‍ॅलर्जी खरी असते आणि शिजवून जात नाही. मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

किंचाळण्याचं म्हणाल तर शेवंडीला स्वरयंत्र नसतं, पाण्यातला तो आवाज कवचातून सुटणाऱ्या वाफेचा. हां, जिवंत शेवंड हातात धरली तर मिशांच्या बुडाशी घासून करकर आवाज करते, तेवढं खरं. पण किंचाळत नसली तरी जिवंत मिळाली तर सरळ उकळत्या पाण्यात टाकू नका, आधी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून बधिर होऊ द्या. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून जिवंत शेवंड तशीच उकळण्यावर कायद्याने बंदी आहे.

हे सगळं मी आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तो वीस जणांना पाठवलाय गं." त्या वीस जणांची यादी आम्ही दोघींनी बसून काढली आणि एकेकाला फोन लावतोय. आज अकरा झाले. तुम्हीही पाठवला असेल तर निदान मेलेल्या शेवंडीचं आणि हिरव्या गराचं तेवढं आजच कळवा. लिंबाचं उद्या सांगितलं तरी चालेल.