मुद्दा वकील की डॉक्टर हा नाहीच

लेखात म्हटलंय की अमेरिकेत आरोग्य खात्याचा सेक्रेटरी राजकीयच असतो, प्रेसिडेंट नेमतो आणि सिनेट मंजुरी देते, मग २०२५ मधे त्या खुर्चीवर आलेल्या, लसींवर शंका घेणाऱ्या वकील रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्यावरच एवढा गदारोळ कशाला. अहो त्यांच्या आधीचे बेसेरा पण वकीलच होते की, तो मुद्दाच नाहीये. मुद्दा सेक्रेटरीच्या हाताखालच्या खुर्च्यांचा आहे. जून २०२५ मधे लसींवर सीडीसीला (तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेला) सल्ला देणाऱ्या कमिटीचे १७ च्या १७ मेंबर केनेडींनी एका फटक्यात काढले, मग ऑगस्टमधे सीडीसीच्या डायरेक्टर सुझन मोनारेझनाच घरी पाठवलं, त्यांना सिनेटने जुलैच्या शेवटी मंजुरी दिलेली म्हणजे धड महिनाभर पण टिकल्या नाहीत बाई. आणि गंमत बघा, केनेडींना ५२-४८ ने मंजुरी मिळाली तेव्हा त्यांच्या विरोधात गेलेला एकमेव रिपब्लिकन सिनेटर कोण तर मिच मॅककॉनेल, ज्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला! आणि दुसरे रिपब्लिकन सिनेटर कॅसिडी, जे स्वतः डॉक्टर, ते कां कू करत शेवटी हो म्हणाले. माझी बहीण न्यू जर्सीत असते, पोराच्या लसींचं आता ती सरकारी साइट न बघता थेट त्याच्या डॉक्टरलाच विचारते.