शोधनिबंध फक्त तज्ज्ञांसाठी? एका फिरत्या मजकुराला उत्तर

एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: शोधनिबंध तज्ज्ञ लिहितात आणि तज्ज्ञच वाचतात, ते सर्वांना खुले करण्याचा आग्रह निव्वळ भावनिक आहे. लोक ते वाचत नाहीत, वाचले तर कळत नाहीत आणि अर्धवट कळले की अफवा पसरतात. सामान्य वाचकाला बातम्या पुरेशा आहेत. शिवाय वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत तर दर्जा कोण राखणार? अनेक सुशिक्षित माणसं हे पटल्यासारखं पुढे पाठवताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘तज्ज्ञांबाहेर कोणी वाचत नाही’

इथे ‘तज्ज्ञ’ म्हणजे ज्याच्या विद्यापीठाने नियतकालिकांची वर्गणी भरली आहे असा माणूस, असं गृहीत धरलेलं दिसतं. लहान दवाखान्यातला डॉक्टर, शाळेतला विज्ञानशिक्षक, पत्रकार, दुर्मीळ आजार असलेल्या मुलाचे आईवडील, हे सगळे मग आपोआप बाहेर पडतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं उदाहरण पाहा. जर्मन संशोधकांनी तिथल्या लोकांचे रक्तनमुने तपासले, त्यांत इबोलाच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या, आणि लायबेरियाला इबोलाच्या टापूत धरलं पाहिजे, असं त्यांनी 1982 साली एका युरोपीय नियतकालिकात लिहून ठेवलं. 2014 मध्ये साथ आली तेव्हा देशाच्या आरोग्य खात्याला या निबंधाची माहितीच नव्हती. लायबेरियात 4,800 हून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये त्या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ही हकिकत मांडली. असा एक निबंध उतरवून घ्यायला 45 डॉलर पडतात आणि तिथल्या डॉक्टरचा तो सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार आहे, असं त्यांनी लिहिलं. किंमत हे एकमेव कारण नव्हतं. इबोलावरच्या अशा निबंधांच्या लेखकांत एकही लायबेरियन शास्त्रज्ञ नव्हता, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. ज्यांच्या रक्तातून ज्ञान निघालं त्यांच्यापर्यंत ते परत पोचलंच नाही. ‘कोणी वाचत नाही’ म्हणणाऱ्यांनी या डॉक्टरांना कोणत्या रकान्यात टाकलं आहे?

‘वाचलं तरी कळत नाही’

पहिल्या वाचनात कळत नाही, हे खरं. पण गरज पडली की माणूस शिकतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘ॲक्ट अप’ या संघटनेतले एड्सग्रस्त आणि त्यांचे मित्र विषाणूशास्त्र आणि औषधचाचण्यांची रचना स्वतः शिकले. त्यांतल्या बहुतेकांकडे वैद्यकाची पदवी नव्हती. तरी चाचण्यांमध्ये नेमकं काय चुकतंय यावर ते शास्त्रज्ञांशी बरोबरीने वाद घालू लागले आणि पुढे संशोधनाच्या समित्यांवर बसले.

दुसरं असं की, न कळण्याचा दोष वाचकाच्याच माथी का मारायचा? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यांसोबत साध्या भाषेतला सारांश असतो. ‘ईलाइफ’ या जीवशास्त्राच्या नियतकालिकाने आपल्या अनेक निबंधांना असे सारांश जोडले आहेत. लिहिणाऱ्याने मनावर घेतलं की जमतं. 1665 मध्ये पहिली दोन विद्वत्नियतकालिकं निघाली, तीही प्रामुख्याने लॅटिन या विद्वानांच्या भाषेत नव्हे तर फ्रेंच आणि इंग्रजीत.

‘बातम्या पुरेशा आहेत’

ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या आरोग्यविषयक संशोधनावरच्या 462 प्रसिद्धिपत्रकांचा अभ्यास 2014 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुमारे 40 टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला होता, आणि पत्रकात अतिशयोक्ती असली की ती बातमीतही उतरण्याची शक्यता कितीतरी वाढत होती. म्हणजे भेसळ पुष्कळदा विद्यापीठाच्या दारातच होते. मूळ निबंध उघडून पाहता येत नसेल तर वाचकाने हे ओळखायचं कसं?

‘अर्धवट ज्ञानातून अफवा पसरतात’

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त विचार केला, कारण यात थोडं तथ्य आहे. पण आपल्या काळातली सर्वांत घातक वैद्यकीय अफवा कुठून निघाली ते बघा. 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 12 मुलांवरचा निबंध आला. त्या वेळच्या पत्रकार परिषदेतून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जगभर पोचला आणि ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं. पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासणी, झाला होता, संपादक तज्ज्ञ होते. त्यातली लबाडी उकरून काढली ती ब्रायन डीअर या पत्रकाराने. त्यांची पहिली बातमी 2004 ची, आणि निबंध मागे घेतला गेला 2010 मध्ये. तोवर बारा वर्षं उलटली होती.

आता दुसरी बाजू. जानेवारी 2020 च्या अखेरीस ‘बायोआर्काइव्ह’ या खुल्या संग्रहावर एक प्रीप्रिंट, म्हणजे अजून परीक्षण न झालेला निबंध, आलं. नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी मिळतेजुळते तुकडे आहेत, असा त्याचा दावा होता. तो वाऱ्यासारखा पसरला, हे नाकारता येत नाही. पण मजकूर सर्वांसमोर असल्यामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांनी लगेच चुका दाखवल्या आणि काही दिवसांतच लेखकांनी ते मागे घेतलं. अफवेचे अवशेष उरले, तरी खोडून काढायला पुरावा सगळ्यांच्या हातात होता.

‘पैसे घेतले नाहीत तर दर्जा जातो’

नियतकालिकात निबंध लिहिणाऱ्याला सहसा मानधन नसतं, परीक्षण करणाऱ्यालाही नसतं. दर्जा राखणारी माणसं आधीच विनामूल्य राबताहेत. आणि रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी ‘पोंकारे अनुमान’ या गणितातल्या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता 2002-03 मध्ये ‘आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहावर ठेवली. ती कुठल्याही नियतकालिकाकडे त्यांनी कधी पाठवली नाही. गणितज्ञांनी ती काही वर्षं घासूनपुसून तपासली आणि स्वीकारली.

या मुद्द्यातली खरी अडचण वेगळीच आहे आणि फिरत्या मजकुराने तिला स्पर्शही केलेला नाही. अनेक प्रकाशकांनी वाचकाचं दार उघडताना शुल्काचा बोजा लेखकावर टाकला. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने 2020 मध्ये एका खुल्या निबंधासाठी 9,500 युरो शुल्क जाहीर केलं. ज्याच्यामागे श्रीमंत संस्था नाही त्याने लिहायचं कुठे? यावर भांडायलाच हवं. ब्राझीलमधून सुरू झालेलं ‘सायेलो’ हे खुलं संकेतस्थळ गेली पंचवीसहून अधिक वर्षं सार्वजनिक निधीच्या आधारावर लॅटिन अमेरिकेतली नियतकालिकं वाचकांना विनामूल्य देत आलं आहे, त्यांतली पुष्कळशी पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये.

भाषेचा हा प्रश्न मला शुल्काइतकाच मोठा वाटतो. इंग्रजीतला निबंध खुला झाला तरी जगातल्या बहुसंख्य लोकांना तो बंदच राहतो. मात्र ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या खुल्या परवान्यांपैकी श्रेयनिर्देश परवान्याखाली छापलेला निबंध कोणीही, मूळ लेखकाचं नाव देऊन, आपल्या भाषेत आणू शकतो आणि प्रसिद्ध करू शकतो, वेगळी परवानगी न मागता. हक्क राखून ठेवलेल्या निबंधाचं भाषांतर छापायचं तर आधी प्रकाशकाचा होकार मिळवावा लागतो.