शेवटचे बटण

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मी गेली १९ वर्षे शिकवते आहे. दर नाताळात आमच्या शाळेत केक वाटायला येणारे पाहुणे एक वाक्य हमखास म्हणतात: "ताई, केवढे पुण्याचे काम करता हो तुम्ही!" म्हणणारे बहुतेक आपल्याच ख्रिस्ती मंडळीतले असतात. (पुण्याचा हिशेब आपल्या विश्वासात नेमका कुठे बसतो, हे पाळकांनाच विचारावे.) केक वाटून झाला की फोटो निघतात आणि अर्ध्या तासात गाडी फाटकाबाहेर पडते.

लोकसमुदायाला पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असे आपले मराठी बायबल सांगते. कीव गाडीत बसूनही करता येते, पण कळवळा आलेल्या माणसाला खाली उतरून जवळ जावेच लागते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो आणि जिभेला स्पर्श करतो. प्रवचनात सगळा भर पुढच्या चमत्कारावर असतो, मी मात्र शिक्षिका असल्याने त्याच्या आधीच्या चार क्षणांपाशीच रेंगाळते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तो हातांनी बोलतो, आणि तेही गोंगाटापासून दूर नेऊन. आमच्या वर्गाची सुरुवात रोज अशीच होते. दहाव्या अध्यायात तर आंधळ्या बार्तीमयाला काय हवे असणार हे उघड दिसत असूनही, "मी तुझ्यासाठी काय करू?" असे तो आधी विचारतो.

आमच्या वर्गातल्या १४ वर्षांच्या एका मुलाला बोलता येत नाही. त्याला काय हवे आहे हे आम्हाला कळले ते तो शर्टाच्या बटणांशी झटताना आईचा हात ढकलू लागला तेव्हा. बटण चिमटीत धरणे, ते काजातून अर्धे सरकवणे आणि दुसऱ्या हाताने पलीकडून ओढून घेणे, अशा पायऱ्या आम्ही पाडल्या आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली, म्हणजे बाकीचे सगळे मी करायचे आणि त्याने फक्त ओढायचे, जेणेकरून काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला यावा. पूर्ण बटण लावायला सात महिने लागले. मधे एकदा शाळेची गाडी सुटायला आली होती, म्हणून मी वैतागून ते स्वतःच लावून टाकले. त्याने माझ्याकडे न पाहता ते काढले आणि पुन्हा चिमटीत धरले.

अमेरिकन मिशनरी ॲना मिलर्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली जाई. या बायकांनी अन्न आणि आसरा तर दिलाच, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता नोंदल्या आहेत आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा मी पगार घेऊन त्यांच्या हक्काचेच काम करते, उपकार नव्हेत.

बटण शिकणाऱ्या त्या मुलाच्या आईला एका प्रार्थनासभेत, "तुमचा विश्वास कमी पडतो आहे, काही पाप कबूल करायचे राहिले आहे का?" असे विचारण्यात आले. जन्मांध माणसाबद्दल येशूला शिष्यांनी हेच विचारले होते, आणि याने वा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून असे झालेले नाही, हे उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायात दिलेले आहे. त्या माउलीने सभेला जाणे सोडले. तिला परत बोलावून आणण्याइतके धैर्य अजून कुणी दाखवलेले नाही, मीसुद्धा नाही.

यंदा नाताळात कुणाला यायचेच असेल, तर कॅमेरा घरी ठेवून शनिवारी दोन तासांसाठी यावे आणि एकाच मुलाजवळ बसावे. आमच्या त्या मुलाला गळ्याजवळचे बटण अजून जमायचे आहे, कारण ते त्याला दिसत नाही. त्यासाठी आरसा आणला, तर आरशात त्याची बोटे उलट्याच बाजूला जाऊ लागली. हे खरे तर मला आधीच सुचायला हवे होते. आता आरसा बाजूला ठेवून, डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने शिकवून पाहते आहे.