सभा जाऊ देऊ नका

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चाललाय: ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत व्हावी की नाही. तरुण पोरं म्हणतात, निधी येईल, गटारं होतील. म्हातारी माणसं घरपट्टीच्या धास्तीत. नगरपंचायत झाली की ग्रामसभा जाते, हे मात्र अजून कोणी बोललेलं नाही.

मी सध्या राहतो ते हॅडली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, कनेक्टिकट नदीच्या वळणावरचं शेतकऱ्यांचं गाव. 1659 मध्ये वसलेलं, वस्ती पाच हजारांच्या थोडी वर. जमीन नदीच्या गाळाची. आपल्या शतावरीच्या कुळातला इथला अ‍ॅस्परॅगस एके काळी खूप नावाजलेला होता. मे महिन्यात आजही शेताच्या कडेला टेबलावर त्याच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. जुडी उचलायची, पैसे डब्यात टाकायचे.

मे महिन्यातच गावाची वार्षिक सभा भरते. पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आहे, पण वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करते ती सभा. गावातला कोणीही मतदार येऊन बोलतो, मत देतो. विषयपत्रिका निदान सात दिवस आधी लावावीच लागते. मी इथला नागरिक नाही, त्यामुळे बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकतो. एका वर्षी बर्फ काढायच्या नव्या ट्रकचा विषय निघाला. बुटांना ओली माती लागलेला एक शेतकरी माईकपाशी आला आणि विचारलं, जुन्याच्या दुरुस्तीला किती लागले? खात्याच्या माणसाने उभं राहून एकेक आकडा वाचला. ट्रक मंजूर झाला. शेतकऱ्याचं मत विरोधात पडलं, पण त्याला उत्तर मिळालं, तेही सगळ्यांसमोर.

शेजारच्या अ‍ॅमहर्स्टमध्ये 240 प्रतिनिधींची सभा होती. 2018 मध्ये तिथल्या लोकांनी मतदानाने ती मोडली आणि 13 जणांची कौन्सिल आणली. निर्णय लांबतात ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. हॅडलीतही बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहतात.

आपल्या ग्रामसभेची गतही मला ठाऊक आहे. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते. तरीही याच सभेत माझी आई जन्मात एकदा उठली आणि पाणंदीवरच्या अतिक्रमणाबद्दल बोलली. पुढच्या महिन्यात पाणंद मोजली गेली. नगरपंचायतीत 17 नगरसेवक बसतील. आईला मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा लागेल आणि पोच घेऊन परत यावं लागेल.

निधी हवाच. पाणी, गटारं हवीतच. मी इथे नळाचं पाणी पितो, तेव्हा तुम्ही टँकरची वाट बघा असं कुठल्या तोंडाने सांगू? पण ठरावाच्या वेळी उमेदवारीच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाकडून एक गोष्ट लिहून घ्या: वर्षातून दोनदा प्रत्येक प्रभागात उघडी सभा, आणि तिथे जमाखर्चाचं मोठ्याने वाचन. 15 ऑगस्टला ठराव येणार म्हणतात. झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. आईला मी फोन केलाय, ती थांबणार आहे.